अनुभव धागा: शाळेतली मुलं, सोशल मीडिया आणि मनाची घालमेल

मुलं फोनवर किती वेळ असतात यावर आपण सगळेच भरपूर बोलतो. त्या वेळात त्यांच्या बाबतीत काय घडतं, हे फारसं कुणी सांगत नाही. 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला असं ५७ टक्के, तर सोशल मीडियासाठी वापरला असं ७६ टक्के मुलांनी सांगितलं. म्हणजे हा शहरातल्या चार घरांपुरता विषय राहिलेला नाही.

पालक, शिक्षक, समुपदेशक आणि स्वतः विद्यार्थी, सगळ्यांनी लिहावं. मुलाच्या वागण्यात काय बदललं, ते पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं, मुलानं कुणाला सांगितलं किंवा का नाही सांगितलं, एवढं जरूर लिहा. मुलांची आणि शाळांची नावं नकोत. उपदेश कमी असला तरी चालेल.

आठवीची वर्गशिक्षिका, सातारा जिल्हा

रील्सची चर्चा फार होते, पण माझ्या वर्गात मुलांचं बिनसतं ते बहुतेक वेळा स्टिकरवरून. गॅदरिंगच्या नाचात एका मुलाचा तोंड उघडं असलेला फोटो कुणीतरी काढला. पुढचे दात थोडे पुढे आहेत त्याचे. चेहरा कापून, खाली 'हो का?' लिहून त्याचा व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर झाला. मग वर्गाच्या ग्रुपवर कुणीही काहीही टाकलं की उत्तर म्हणून तोच चेहरा. चाचणीच्या वेळापत्रकाखाली तो, वाढदिवसाच्या शुभेच्छांखालीही तोच. हा मुलगा ग्रुप बघायचा आईच्या फोनवर, त्यामुळे आईच्या शेजारी बसून हे सगळं त्याला गप्प बघावं लागायचं.

माझ्या लक्षात आलं ते हजेरीच्या वेळी. 'उपस्थित' म्हणताना तो तोंडावर हात धरायला लागला होता. मराठीच्या तासाला प्रकट वाचन नको म्हणायला लागला. दात दुखत असतील म्हणून आई त्याला दाताच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. घरी का सांगितलं नाहीस असं विचारलं, तर म्हणाला, "आई ग्रुपमधून बाहेर पडली असती, मग मला कळलंच नसतं कोण काय बोलतंय ते."

हे वाक्य मोठ्यांनी नीट ऐकायला हवं. त्रास सहन होत नाही, पण त्याहून बाहेर फेकलं जाण्याची भीती मोठी असते.

मी सगळ्या वर्गासमोर विषय काढला नाही, कारण मग त्याचा चेहरा पुन्हा एकदा सगळ्यांसमोर आला असता. स्टिकर बनवणाऱ्या दोघांशी वेगवेगळं बोलले. स्टिकरची अडचण अशी की ज्यानं बनवला त्यानं काढून टाकला तरी ज्यांनी जतन केला त्यांच्या फोनमध्ये तो राहतोच. म्हणून त्या दोघांनीच एकेकाला गाठून तो काढायला लावला. ते सोपं नव्हतं आणि एका बैठकीत झालंही नाही. वाचनाला तो अजून स्वतःहून उभा राहत नाही. पण तोंडावरचा हात गेलाय.

दहावीची विद्यार्थिनी

मी मोठ्यांना फक्त दोन गोष्टी सांगते. पहिली, स्नॅपचॅटची स्ट्रीक. चोवीस तासांत दोघींनी एकमेकींना स्नॅप पाठवायचा, नाही पाठवला तर आकडा शून्य. गावी रेंज नसते म्हणून आम्ही मैत्रिणींना पासवर्ड देऊन जातो, माझी स्ट्रीक सांभाळ म्हणून. आईला हे वेडेपणाचं वाटतं. पण स्ट्रीक तुटली की समोरचीला वाटतं, हिनं मुद्दाम तोडली, आणि त्यावर खरंखुरं भांडण होतं.

दुसरी, इन्स्टाग्रामवरचं क्लोज फ्रेंड्स. स्टोरी सगळ्यांना दिसत नाही, निवडलेल्यांनाच दिसते. सोमवारी वर्गात सगळ्या एखाद्या गोष्टीवर हसत असतील आणि तुला कळत नसेल, तर समजायचं की तू त्या यादीत नाहीस. कुणी भांडलेलं नसतं, कुणी वाईट बोललेलं नसतं. घरी सांगायचं तरी काय?

फोटो टाकल्यावर लाइक बघत बसणं माझं खूप व्हायचं. लाइकचा आकडा लपवायची सोय इन्स्टावर २०२१ पासून आहे, मी ती आता चालू ठेवलीय. दुसऱ्यांचे आकडेही दिसत नाहीत. मला बरं वाटतं. यादीचं काही करता आलेलं नाही.

नववीच्या मुलाचे बाबा, पुणे

आमचा मुलगा सकाळी उठायचाच नाही, चिडचिड करायचा. आम्हाला वाटलं, वयच तसं आहे. रात्री एकच्या पुढे ग्रुप रंगात येतो हे नंतर कळलं. त्याचा एकट्याचा फोन घेतला असता तर तो रोजच्या भांडणाचा विषय झाला असता. म्हणून दहा वाजता घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, माझा ऑफिसचासुद्धा. गजराचं साधं घड्याळ आणलं. बाकी काही नाही. झोप सुधारली की निम्मी भांडणं कमी होतात, असं आमच्या घरापुरतं सांगू शकतो.

शालेय समुपदेशक, ठाणे

वरच्या तिन्ही अनुभवांत एक गोष्ट समान आहे. मूल गप्प होतं. माझ्याकडे येणारी मुलं सहसा 'सोशल मीडियामुळे त्रास होतो' असं सांगत येत नाहीत. पोट दुखतं, शाळेत यावंसं वाटत नाही, पीटीच्या तासाला चक्कर येते, अशा तक्रारी असतात.

मे २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबाबत सरकारतर्फे बोलणारे प्रमुख डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी एक सूचनापत्र काढलं. दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त सोशल मीडिया वापरणाऱ्या किशोरवयीनांमध्ये नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट दिसतो, असं त्यात आहे. पालक हा आकडा माझ्यासमोर ठेवतात तेव्हा मी एक गोष्ट जोडते. आधीच उदास असलेलं मूलही जास्त वेळ स्क्रोल करतं. त्यामुळे फोन काढून घेतला म्हणजे दुखणं गेलं, असं समजू नका. मी मुलांना तास विचारत नाही. "फोन उघडल्यावर कुणाचं नाव दिसू नये असं वाटतं?" असं विचारते. बऱ्याचदा तिथून बोलणं सुरू होतं.

एक प्रकार वाढलाय, त्याबद्दल स्पष्ट लिहिते. अनोळखी मुलीच्या नावानं रिक्वेस्ट येते, गोड बोलणं होतं, मुलाकडून खासगी फोटो मागवला जातो आणि लगेच पैशांची धमकी सुरू होते. यात मुलगेही मोठ्या संख्येनं अडकतात आणि शरमेनं कुणालाच सांगत नाहीत. असं झालं तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. सायबर तक्रारीसाठी १९३०, मुलांच्या मदतीसाठी १०९८, मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६. 'टेक इट डाउन' या मोफत सेवेत फोटो कुणाला न पाठवता, त्याची फक्त डिजिटल खूण तयार करून तो प्रसिद्ध अ‍ॅप्सवर रोखायचा प्रयत्न करता येतो. आणि घरात पहिलं वाक्य "तू पाठवलासच कशाला?" हे नको. मुलं याच वाक्याला घाबरून आधी माझ्याकडे येतात, काही तर कुणाकडेच जात नाहीत.

एक आई, सोलापूर

माझ्या मुलीला ऐकू येत नाही. शाळेत खाणाखुणांनी बोलणाऱ्या दोघीच. इन्स्टावर तिला देशभरातल्या तिच्यासारख्या मुली सापडल्या. त्या सांकेतिक भाषेत विनोद सांगतात, स्वयंपाक दाखवतात, भांडतातसुद्धा. व्हिडिओ कॉलवर तिचे हात किती भरभर चालतात ते मी पहिल्यांदा पाहिलं आणि माझी मुलगी एवढी बडबडी आहे हे मला तेव्हा कळलं. मुलांना सोशल मीडियाबंदी करण्याची चर्चा करताना या मुलांचाही विचार व्हावा एवढंच म्हणणं आहे.

मेलबर्नहून

इथे १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब वगैरेंवर खातं ठेवता येत नाही. दंड मुलांना किंवा पालकांना नाही, कंपन्यांना आहे, जास्तीत जास्त ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. व्हॉट्सअ‍ॅप या यादीत नाही, त्यामुळे मुलाचा कंपू तिकडे सरकला. काहींनी वय चुकवून खाती चालू ठेवली हेही खरं.

पण एक फरक मला जाणवला. आधी मी 'नाही' म्हणायचे तेव्हा वर्गात तो एकटाच 'नाही'वाला असायचा. आता नियम सगळ्यांना एकच आहे. चिडला तो, पण लाजला नाही. सोलापूरच्या ताईंचं वाचून मात्र विचारात पडले. इथेही अशी मुलं आहेत आणि त्यांचे आईवडील हेच सांगतात.

कडेगाव तालुका, सांगली

मेलबर्नच्या ताईंनी लिहिलं ते आमच्याकडे कायद्याशिवाय घडलंय. मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद ठेवायचे असं गावानं ठरवलं. मुलं अभ्यासाला बसतात. मी शेजारच्या गावातला. आमच्या घरी मी एकट्यानं हाच नियम लावून पाहिला तर मुलगी म्हणाली, "पप्पा, त्या दीड तासात बाकीच्या सगळ्या ऑनलाइन असतात." तिचं बरोबर होतं. भोंग्यापेक्षा सगळ्यांनी एकदम थांबण्यात खरी ताकद आहे. आता तिच्या मैत्रिणींच्या घरी जाऊन बोलतोय, निदान त्या चार घरांचं एक व्हावं म्हणून.

नववीचा विद्यार्थी

मी माझं लिहितो. माझ्याकडे फोन नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटत नाही. मधल्या सुट्टीत सगळे रील्समधले डायलॉग मारतात ते कळत नाहीत, तेही चालतं. मी कबड्डी खेळतो.

पण गृहपाठ ग्रुपवर येतो. सहलीची सूचना ग्रुपवर आली. विज्ञान प्रदर्शनाचे गट ग्रुपवर ठरले. मी दुसऱ्या दिवशी गेलो तर सगळे गट भरले होते. बाई म्हणाल्या, ग्रुपवर टाकलं होतं की. पप्पांचा फोन रात्री नऊला घरी येतो, तोपर्यंत सगळं ठरलेलं असतं. मग मलाही फोन हवा असं वाटायला लागतं आणि घरी तोच विषय निघतो.

इथे शिक्षकही वाचत आहेत म्हणून विचारतो. गृहपाठ आणि सूचना शेवटच्या तासाला फळ्यावर लिहून द्याल का? आम्ही वहीत उतरवून घेऊ.