शब्दचर्चा : शिक्षा रद्द झालेला माणूस ‘निर्दोष’ असतो का?

प्रश्न : वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालवण्याचा आदेश दिला, या बातमीचा मथळा ‘निर्दोष सुटका’ असा होता. आरोपी तुरुंगातच असताना हा शब्दप्रयोग योग्य आहे का? ‘आरोपमुक्त’ आणि ‘दोषमुक्त’ यांत काय फरक आहे?

उत्तर : मथळा चुकीचाच आहे. आरोप निश्चित होण्यापूर्वीच पुरेशा आधाराअभावी सुटतो तो आरोपमुक्त आणि खटला पूर्ण चालूनही ज्याच्यावरील आरोप सिद्ध होत नाही तो दोषमुक्त. तुमच्या बातमीतील माणूस यांपैकी कोणीच नाही, कारण तिथे दोष आढळला आहे तो खटल्यात. माणसाच्या दोषाचा निवाडा अजून व्हायचाच आहे.

दिल्लीत १९९७ साली बसमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटाचा खटला या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सरकार पक्षाच्या ६५ साक्षीदारांपैकी ५६ जणांच्या साक्षी आरोपीला वकील नसताना नोंदवल्या गेल्या आणि त्यांतल्या अवघ्या एकाची उलटतपासणी झाली. तरीही फाशी सुनावली गेली आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन्ही न्यायमूर्तींनी जानेवारी २०१२ मध्ये ही दोषसिद्धी टिकणार नाही असे म्हटले, परंतु खटला पुन्हा चालवावा की नाही यावर त्यांचे मतभेद झाले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो नव्याने चालवण्याचा आदेश दिला. स्फोटाच्या आरोपातून आरोपी सुटला तो २०१३ साली, म्हणजे ‘दोषमुक्त’ हा शब्द त्याला तेव्हा लागू झाला, त्याआधी नाही.

अर्थात कार्यपद्धतीतल्या प्रत्येक चुकीने निकाल रद्द होत नाही. त्या चुकीमुळे प्रत्यक्ष न्यायच बिघडला असे दिसावे लागते (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६५, आता नागरिक सुरक्षा संहितेचे ५११).

पुरवणी : ‘निकाल उलटवला’ हे अलीकडे फार दिसते, मराठीत निकाल फिरवतात किंवा रद्दबातल ठरवतात. ‘फेरसुनावणी’ही इथे अपुरी वाटते, कारण तिचा अर्थ केवळ युक्तिवाद पुन्हा ऐकणे एवढाही होऊ शकतो, तर ‘फेरखटला’ म्हटले की पुरावा पुन्हा नोंदवणे आले. कायद्याच्या मराठीत खटल्याला ‘संपरीक्षा’ म्हणतात, पण हा शब्द कोर्टाच्या आवारात मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. तिथे वकील ‘केस रिमांड झाली’ (म्हणजे खालच्या न्यायालयाकडे परत गेली) म्हणतात आणि आरोपीच्या घरच्यांना वाटते की पुन्हा पोलीस कोठडी मिळाली! तेव्हा मथळ्यासाठी ‘दोषसिद्धी रद्द, फेरखटल्याचा आदेश’ एवढे पुरे आहे.