सी विंग ग्रुप, शनिवार १७ मे २०२५: सेल्टिक्सचं काय झालं?

नाईक काकू (५०३): सुप्रभात. पहाटे साडेपाचपासून वरती कोण ओरडतंय? ह्यांची रात्रपाळी होती, आत्ता कुठे डोळा लागला होता.

रोहन (६०३): मीच, काकू. अमेरिकेतल्या एनबीए लीगचं बास्केटबॉल चालू होतं. आता आवाज येणार नाही, पुढच्या ऑक्टोबरपर्यंत आमचं दुकान बंद.

कदम (४०४): कोण हरलं रे?

रोहन: बॉस्टन सेल्टिक्स. गेल्या वर्षीचे चॅम्पियन. न्यूयॉर्क निक्सनी ११९-८१ धुतलं. सिरीज ४-२, आधी चार मॅच जिंकेल तो पुढे.

कदम: ३८ ने? आणि तू शेवटपर्यंत बघितलंस?

रोहन: हाफटाइमला ६४-३७ होतं तेव्हाच टीव्ही बंद करायला हवा होता. जीव राहवत नाही ना.

सेक्रेटरी: ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. आज ११ ते १ टाकी धुणार, पाणी भरून ठेवा.

शिर्के काका (१०१): अहो राहू द्या थोडं, शनिवार आहे. रोहन, तुमचा तो टेटम जखमी झाला ना? मग हरणारच.

रोहन: काका, सगळे हेच म्हणतायत आणि तिथेच माझं डोकं फिरतं. टेटमची टाचेमागची अकिलीसची शीर तुटली चौथ्या मॅचच्या शेवटाला. तोवर पठ्ठ्याने ४२ पॉइंट मारले होते. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन. वय २७, वाईट वाटतंच. पण सिरीज त्याच्या आधीच घालवून बसले होते. पहिल्या दोन मॅच घरच्या कोर्टवर. दोन्हींत २० पॉइंटची आघाडी. दोन्ही घालवल्या. एक ओव्हरटाइमला १०८-१०५, दुसरी ९१-९०. पहिलीत ६० थ्री टाकले, गेले १५. प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांच्या, एका मॅचमध्ये ४५ थ्री चुकवणं हा विक्रम आहे म्हणे, घ्या! दुसरीत ४० पैकी १०. म्हणजे दोन मॅचमध्ये शंभर टाकले आणि पंचवीस गेले.

नाईक काकू: थ्री म्हणजे?

रोहन: लांबच्या रेषेबाहेरून टाकला तर तीन पॉइंट, काकू. आतून दोन. रेषा समोरून सव्वासात मीटरवर असते.

नाईक काकू: मग जात नसेल तर जवळून टाकायचा की.

रोहन: काकूंना कोच करा रे कोणीतरी 🙏

मृण्मयी (८०२): दादा, इतकं सोपं नाहीये. हीच टीम असंच खेळून २०२४ ला फायनलमध्ये डॅलसला ४-१ हरवून जिंकली, तेव्हा तूच खाली पेढे वाटलेस. यंदा ६१ मॅच जिंकल्या त्याही असंच खेळून. त्यांचा थ्री एरवी सदतीस टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे एका शॉटला १.१ पॉइंट. दोनवाला निम्म्या वेळा गेला तर १. गणित त्यांच्या बाजूचं आहे. त्या दोन मॅचमध्ये कितीतरी शॉट मोकळे होते, बसले नाहीत. आमचे सर सांगतात, मोकळा शॉट सोडलास तर बाहेर बसवीन.

रोहन: गणित मान्य. पण ते साखळीतल्या ८२ मॅचचं गणित आहे ना, मृण्मयी. प्लेऑफमध्ये चार हरलास की घरी. २०१८ ला ह्यूस्टनच्या टीमचं आठवतं? गोल्डन स्टेटसमोर सातवी मॅच, सलग २७ थ्री चुकले, तरी टाकतायत आपले. गणित त्यांचंही बरोबरच होतं!

शिर्के काका: मला बास्केटबॉल कळत नाही, कबड्डीतलं सांगतो. आमच्या लालबागच्या मंडळात दहा गुणांची आघाडी आणि शेवटची पाच मिनिटं असली, की वस्ताद एकच सांगायचे: निदान रेषा ओलांड, तीस सेकंद काढ, परत ये. हात लावायला जाऊ नको. पकड झाली की समोरच्याच्या अंगात वारं शिरतं. तिसऱ्या चढाईला गुण घ्यावाच लागतो, तिथे काय ते दाखव.

रोहन: काका, हेच! हेच मी तीन दिवस ऑफिसात सांगतोय. तिथेही एका चालीला २४ सेकंद असतात. वीसने पुढे आहात, ती सगळी वापरा, आत घुसा, फाउल घ्या, फ्री थ्रो टाका, म्हणजे फाउलनंतर मिळणारे एकेक पॉइंटचे मोकळे शॉट. घड्याळ पळतं, समोरच्याला धावायला मिळत नाही. आणि लांबचा शॉट चुकला की चेंडू रिंगवरून लांब उडतो, तोच उचलून निक्स पळत सुटायचे. दुसऱ्या मॅचला चौथ्या क्वार्टरमध्ये आठ मिनिटांच्या वर एकही बास्केट नाही. एकही! शेवटी टेटमने डंक मारून ९०-८९ केलं, मी सोफ्यावर उभा. निक्सच्या ब्रन्सनने दोन फ्री थ्रो टाकले, ९१-९०. मग शेवटचा चेंडू टेटमकडे, आणि निक्सच्याच ब्रिजेसने तो हातातून काढून घेतला. पहिल्या मॅचलाही शेवटाला त्याच ब्रिजेसने सेल्टिक्सच्या जेलन ब्राउनच्या हातातून काढला होता. दोन दिवसांत तोच माणूस, तीच चोरी.

कदम: म्हणजे पोपट झाला, तोही दोनदा 😂

मृण्मयी: काकांचं पटतं, पण अर्धंच. टेटम नसताना पाचवी मॅच हेच १२७-१०२ जिंकले, त्यांच्या व्हाइटने एकट्याने ३४ मारले, तेही जास्त करून बाहेरूनच. तेव्हा तुला पद्धत वाईट नाही दिसली. आणि तुमचा तो उंच पोर्झिंगिस अख्खी सिरीज आजारी होता, आत घुसून मारणार कोण? आज तर ब्राउनच तिसऱ्या क्वार्टरमध्ये सहा फाउल करून बाहेर.

रोहन: पोर्झिंगिसचं बरोबर आहे. बाकीचं नाही. बंद करा म्हणतच नाहीये मी, वीसने पुढे असताना जरा हात आवरा म्हणतोय. कोच माझूलाला तेवढं सुचू नये?

कदम: सोड रे. आठवडाभर बंद होती ती आयपीएल आज संध्याकाळपासून परत सुरू, बंगळुरू-कोलकाता. माझ्याकडे ये, बटाटेवडे मागवतोय.

शिर्के काका: मग आता निक्स कोणाशी?

रोहन: इंडियाना पेसर्स. निक्स २००० नंतर पहिल्यांदा इथवर, म्हणजे पूर्व विभागाच्या फायनलला, आलेत, तिकडे नुसता धिंगाणा चालू असेल.

शिर्के काका: पेसर्स म्हणजे वरळीच्या डोममध्ये येऊन गेले ते? २०१९ ला जावयाने तिकीट काढलं होतं. सॅक्रामेंटोच्या टीमला चांगलं झोपवलं होतं.

मृण्मयी: काका, तुम्ही ५ ऑक्टोबरची बघितलीत, १३०-१०६. आदल्या दिवशी शाळेच्या मुलांना बसवलं होतं, मी होते! १३२-१३१, ओव्हरटाइम. घसा बसला होता माझा.

सेक्रेटरी: टाकीचा निरोप कोणी वाचला का? ६०३, ८०२, १०१, पाणी भरलं?

शिर्के काका: भरलं हो. रोहन, पहिली मॅच कधी?

रोहन: गुरुवारी पहाटे साडेपाच. पेसर्सच्या बाजूने बघणार. न्यूयॉर्कसाठी टाळी वाजवणं या जन्मी जमायचं नाही.

नाईक काकू: गुरुवारी ह्यांची परत रात्रपाळी आहे. काकांकडे खाली जाऊन बघ.

शिर्के काका: ये. चहा माझा, पण मॅच दिसायला लागतं ते लीग पास की काय ते तू आण.