पोस्टमन नक्की कुणाचं आयुष्य बदलतो?

तिरका_डोळा: काल इथेच कुणीतरी लिहिलं, ‘पोस्टमनवरचे सिनेमे बघा, साधा माणूस अख्खं गाव कसा बदलतो ते कळेल.’ यादीत पहिलं नाव इटालियन ‘इल पोस्तिनो’ (१९९४). राहवलं नाही म्हणून लिहितोय. सिनेमा पाहिलाय का हो? बेटावरचे बहुतेक लोक निरक्षर, पोस्टमन मारिओ टपाल टाकतो ते तिथे राहायला आलेल्या एकट्या नेरुदाकडे, चिलीच्या कवीकडे. गाव कुठलं बदलायला? बदलतो तो स्वतःच. उपमा शिकतो, लग्न करतो, सभेत कविता वाचायला जातो नि जिवानिशी जातो. आणि ज्याच्या पत्राची वाट बघतो त्या कवीकडून येतं काय? सेक्रेटरीचं पत्र. सामान पाठवून द्या!

रानजाई: अर्धाच बघून उठलात वाटतं. त्या पत्रानंतर तो लाटा, झुडपांतला वारा, बापाची जाळी, पोटातल्या बाळाचे ठोके टेप करतो. नेरुदा ते ऐकतो तेव्हा काहीच बदलत नाही? आणि मारिओ झालेला नट त्रोईझी ऑपरेशन पुढे ढकलून काम करत होता, शूटिंग संपलं नि दुसऱ्या दिवशी गेला.

तिरका_डोळा: नट गेला म्हणून सिनेमा थोर? सिनेमा ज्यावरून घेतला त्या स्कार्मेताच्या कादंबरीत गोष्ट चिलीतली, शेवट १९७३च्या लष्करी उठावातला. ते सोडून इटलीचा समुद्र दाखवत बसलेत.

चाकरमानी: इटली राहू द्या. ‘डाकिया डाक लाया’ ऐकून आपण पोस्टमनला देव केलं. बाबा गिरणीत, मनीऑर्डर आमच्या गावी यायची. आजी अंगठा उठवायची, पोस्टमन ओटीवर नोटा मोजायचा आणि पाचाची एक सरळ खिशात. ‘खुशी’ म्हणे! खाली बाबांनी लिहिलेल्या दोन ओळी तेवढ्या घाईघाईत वाचायचा.

पोस्टाची_लेक: माझे वडील पोस्टात ईडी होते, म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, खात्यात कायम नसलेले पोस्टमन. डोंगरातल्या वाड्या पायी, पगार नावाला, पेन्शन नाही. लोक हातात कोंबायचे ते पैसे. तुमचे पाच रुपये परत हवेत? नंबर टाका, जीपे करते.

चाकरमानी: वा, म्हणजे चोर आम्हीच!

रानजाई: धागा सिनेमावर आहे, मंडळी.

पोस्टाची_लेक: मग १९९९चा चिनी ‘पोस्टमेन इन द माउंटन्स’ बघा. बापाची शेवटची फेरी, मुलाची पहिली. नातू नुसते पैसे पाठवतो, आणि आंधळ्या आजीला बाप कोऱ्या कागदावरून ‘पत्र’ वाचून दाखवतो. मग तोच कागद पोराच्या हातात देतो. माझ्या वडिलांना सिनेमा दाखवला तर म्हणाले, ह्यात काय विशेष?

चाकरमानी: रात्री जरा जास्तच लिहून गेलो. ८२च्या संपात मनीऑर्डर थांबली. आजी रोज दारात. तो लांबूनच ओरडायचा, “आज थैलीच हलकी हा गे आये!” थैली भरलेली असायची, मला दिसायची. पाच रुपये मात्र घ्यायचा, हे मी मागे घेत नाही.

पोस्टाची_लेक: नकाच घेऊ.

तिरका_डोळा: म्हणजे पोस्टमनने बदललं काय, तर न आलेलं टपाल! बरं, तेवढं मान्य. मारिओबद्दल माझं मत तेच.