नियमच चुकीचा लावला, संघटनेने कबूलही केलं, तरी निकाल तोच? (अमेरिकेतलं शाळेचं फुटबॉल)

उत्तरटेक्सास
आधीच सांगतो, इकडे फुटबॉल म्हणजे हातात बॉल घेऊन पळतात ते, म्हणजे खाली गोंधळ नको. आणि टेक्सास-ओक्लाहोमात शाळेचं फुटबॉल म्हणजे शुक्रवारी रात्री अख्खं गाव स्टेडियमवर, दुकानं लवकर बंद, बँडवाली पोरं, आजी-आजोबा सगळे.

तर २०१४ चा नोव्हेंबर, ओक्लाहोमा राज्याची ३ए गटाची क्वार्टर फायनल, डग्लस हायस्कूल विरुद्ध लोकस्ट ग्रोव्ह. डग्लस १९-२० ने मागे, शेवटची ६४ सेकंदं राहिलेली, आणि त्यांनी ५८ यार्डांचा टचडाउन केला (बॉल घेऊन समोरच्या टोकाची रेघ ओलांडायची, सहा गुण). २५-२०. पण पोरगा बॉल घेऊन सुटल्यावर डग्लसचाच एक कोच साइडलाइनवरून त्याच्याबरोबर पळत सुटला आणि पंचाला धडकला. पंचाचा फ्लॅग पडला, म्हणजे नियमभंगाची खूण, तो बरोबरच होता, त्यावर कुणाचंच दुमत नाही. नियम असा की टचडाउन धरायचा आणि दंडाचे यार्ड पुढच्या एक्स्ट्रा पॉइंटला (टचडाउननंतरचा जादा गुणाचा प्रयत्न) किंवा किकऑफला (खेळ पुन्हा सुरू करायची किक) लावायचे. पंचांनी टचडाउनच रद्द केला. डग्लस २०-१९ ने हरली, नॉकआउट असल्यामुळे सीझनच संपला.

नंतर राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने चूक मान्य केली, माफी मागितली, आणि वर सांगितलं की मॅच पुन्हा होणार नाही. ओक्लाहोमा सिटीचं स्कूल डिस्ट्रिक्ट कोर्टात गेलं, निदान शेवटची ६४ सेकंदं तरी परत खेळवा म्हणून. सेमीफायनल लांबली. डिसेंबरमध्ये कोर्टानेही नाही म्हटलं.

मला हे अजिबात पटत नाही. पंचाच्या नजरेची चूक मी समजू शकतो, पाय लाइनवर होता की नाही, बॉल जमिनीला लागला की नाही, माणूस आहे, चुकणारच. पण इथे पाहण्यात काहीच चूक नव्हती, काय घडलं ते सगळ्यांना माहीत होतं, फक्त पुस्तकात जे लिहिलंय ते लावलं नाही. अशी चूक कबूल करून वर निकाल कायम ठेवायचा म्हणजे सतरा वर्षांच्या पोरांना आपण नक्की काय शिकवतोय? तुमची मतं सांगा.

निवृत्त_पीटी_सर
मी आयुष्यभर शाळेत पीटी शिकवली, तालुका-जिल्हा पातळीवर कबड्डी-खोखोला पंच म्हणून उभा राहिलो, त्यामुळे माझं मत तुमच्या उलट आहे आणि ते ठाम आहे. शिट्टी वाजली की मॅच संपली. तुम्हाला शेवटची ६४ सेकंदं दिसतात कारण ती शेवटची आहेत. शाळेची मॅच ४८ मिनिटांची, त्याआधीच्या ४७ मिनिटांत किती होल्डिंग (समोरच्याला नियमबाह्य धरून ठेवणं) सुटले असतील, किती यार्ड चुकीचे मोजले असतील, त्यातला एखादा लोकस्ट ग्रोव्हच्या विरुद्धही गेला असेल. मग फक्त शेवटचीच चूक का दुरुस्त करायची?

दुसरं म्हणजे ती ६४ सेकंदं परत आणणार कशी? दोन आठवडे झालेत, दमलेली पोरं ताजीतवानी झालीत, दोन्ही कोचनी त्या एका मिनिटाचा सराव करून घेतलाय. ते त्या मॅचचं शेवटचं मिनिट राहतच नाही, वेगळाच खेळ होतो. आणि लोकस्ट ग्रोव्हच्या पोरांचा काय गुन्हा? ती गावभर नाचून झोपली, सकाळी कळतं की जिंकलेलं परत द्या.

रंकाळा_वेस
सर, मान ठेवून सांगतो, पण जमत नाही म्हणू नका, जमवलेलं आहे. २०१५ चा एप्रिल, युरोपातली मुलींची १९ वर्षांखालची क्वालिफायर, आपलं पायानं खेळायचं फुटबॉल, इंग्लंड विरुद्ध नॉर्वे. शेवटच्या क्षणी इंग्लंडला पेनल्टी, गोल झाला, पण किक मारायच्या आत इंग्लंडची एक पोरगी बॉक्समध्ये शिरलेली. नियमाने पेनल्टी परत मारायची. रेफ्रीनं नॉर्वेला फ्री किक दिली. युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, काय केलं? पाच दिवसांनी दोन्ही संघ परत मैदानात उभे केले आणि त्या पेनल्टीपासून पुढची काही सेकंदंच खेळवली. लिआ विल्यमसननं गोल मारला, मॅच २-२. तीच पोरगी पुढं इंग्लंडची कॅप्टन झाली. शाळेच्याच वयाच्या पोरी होत्या त्या, कुणाचं काय बिघडलं?

कोल्हापुरात फुटबॉल बघत मोठा झालोय, शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांच्या मॅचला पब्लिक कसं पेटतंय ते बघितलंय. पब्लिक चुकीच्या निर्णयानं पेटतंय त्यापेक्षा जास्त ‘आता काय बी होणार नाही’ यानं पेटतंय. दाद मागायला जागा असली की माणूस शांत राहतोय.

निवृत्त_पीटी_सर
रंकाळा, तुमचंच फुटबॉल घेऊन उत्तर देतो. २००५, वर्ल्ड कपची आशियाई प्लेऑफ, उझबेकिस्तान विरुद्ध बहरीन. तिथेही हीच भानगड, उझबेकिस्तानने पेनल्टीवर गोल केला, त्यांचा खेळाडू आधीच आत शिरला, जपानी रेफरीने पेनल्टी परत न देता बहरीनला फ्री किक दिली. तरी उझबेकिस्तान १-० ने जिंकलं. म्हणजे चूक यांच्या विरुद्ध झाली आणि जिंकलेही हेच. यांनी तक्रार केली की आम्हाला ३-० द्या. फिफाने पूर्ण मॅचच पुन्हा घ्यायला लावली, ती १-१ झाली, परतीची ०-०, आणि अवे गोलवर, म्हणजे समोरच्याच्या मैदानावर मारलेल्या गोलवर, बहरीन पुढे गेलं. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचाच जिंकलेला सामना गेला! पुन्हा खेळवण्यातून न्याय मिळतोच असं धरून चालू नका.

रंकाळा_वेस
त्यात चूक परत खेळवण्यात नाही सर, सगळी मॅच परत खेळवण्यात आहे. पेनल्टीपासून खेळवायची होती.

कायद्याचं_बोला
वकील आहे, खेळातलं फार कळत नाही, पण कोर्टाचा भाग इथे अर्धवट आलाय म्हणून लिहिते. ओक्लाहोमाच्या न्यायाधीशांनी पंच बरोबर होते असं म्हटलेलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की शाळेची मॅच पुन्हा खेळवा असा आदेश द्यायला मला ना कायद्याचा आधार ना आधीच्या निकालाचा, आणि एकदा हे दार उघडलं की काळा झगा घातलेले रेफरी तयार होतील. याच्याही आधी, १९८१ मध्ये अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात जवळपास हेच झालं होतं. ऑस्बोर्न हायस्कूल ७-६ ने पुढे, त्यांच्या पंटरला (बॉल लाथेने लांब मारणारा) नियमबाह्य धडक, पंचांनी १५ यार्ड दिले पण नियमाने मिळणारा फर्स्ट डाउन (पुढे सरकायचे नवे चार प्रयत्न, एकेका प्रयत्नाला डाउन म्हणतात) दिला नाही, बॉल गेला आणि शेवटी मॅच गेली. एका पालकाने दावा लावला. खालच्या कोर्टाने चक्क त्या जागेपासून मॅच पुढे खेळवा असा आदेश दिला! राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, फुटबॉलच्या पंचांचे निर्णय तपासणं हे कोर्टाचं कामच नाही म्हणून.

आणि मला ते योग्य वाटतं. पण नीट वाचा, कोर्टाने हात घालू नये आणि संघटनेनेही काही करू नये या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्ट मागे हटतं ते संघटनेचं घर संघटनेने सांभाळावं म्हणून. संघटनेने नियमातच लिहून ठेवलं की तक्रार घेणारच नाही, तर ते घर सांभाळणं नाही, कुलूप लावून निघून जाणं आहे.

जर्सीची_आई
उत्तरटेक्सास, तुमचा नजरेची चूक आणि नियमाची चूक हा फरक वाचायला छान वाटतो पण मला त्यात मोठा प्रॉब्लेम दिसतो. आमच्या न्यू जर्सीत २०२४ च्या मार्चमध्ये शाळांच्या बास्केटबॉलची सेमीफायनल, मॅनस्क्वान विरुद्ध कॅमडेन. मॅनस्क्वानने शेवटच्या क्षणी बास्केट टाकली, पंचांनी आधी दिली मग आपसात बोलून काढून घेतली, वेळ संपली होती म्हणून. व्हिडिओत लहान पोरालाही दिसतं की बॉल वेळेत सुटलाय. कॅमडेन ४६-४५ ने जिंकलं. इथेही संघटनेने चूक मान्य केली आणि निकाल कायम ठेवला. आता तुमच्या हिशोबाने ही ‘नजरेची चूक’, म्हणजे या पोरांनी गप घरी जायचं, आणि डग्लसला मात्र न्याय? माझा मुलगा नववीत आहे, बास्केटबॉल खेळतो, त्याला हा फरक मी समजावू शकणार नाही. त्याच्यासाठी दोन्ही सारखंच, मेहनत केली, जिंकलो, काढून घेतलं.

उत्तरटेक्सास
तुमचा मुद्दा लागतो, खरंच लागतो. पण कुठेतरी रेघ मारावी लागेल ना ताई, नाहीतर सर म्हणतात तसं प्रत्येक होल्डिंगवर अर्ज येतील. नजरेच्या चुकीसाठी व्हिडिओ आहे, राज्यांना फुटबॉलच्या प्लेऑफमध्ये रिप्ले वापरायची परवानगी २०१९ पासून आहे, ज्यांनी वापरला नाही त्यांना विचारा का नाही वापरला. नियमाच्या चुकीला कॅमेरा लागतच नाही. तिथल्या तिथे पुस्तक उघडलं की संपलं. म्हणून म्हणतो की ती चूक माफ करायला कारणच उरत नाही.

कोलंबसचा_शनिवार
मी इकडे ओहायोत शाळेच्या पोरांच्या सॉकर मॅचना रेफरी म्हणून जातो, नोकरी सांभाळून, शनिवार सकाळ आणि मधले संध्याकाळचे सामने, पैसे म्हणाल तर पेट्रोल आणि जेवण निघतं. इथे सगळे बोलतायत त्यात पंच हा माणूस कुणालाच दिसत नाहीये म्हणून राहवलं नाही. २०१८-१९ नंतर अमेरिकेत शाळांच्या खेळातले सुमारे ५०,००० पंच सोडून गेले असं शाळांच्या राष्ट्रीय संघटनेनेच सांगितलं होतं. सोडायचं सगळ्यात मोठं कारण पैसा नाही, पालक आणि कोच. २०१५ मध्ये सॅन अँटोनिओच्या शाळेच्या दोन खेळाडूंनी पंचाला पाठीमागून मुद्दाम धडक मारून पाडलं होतं, त्याचा व्हिडिओ सगळ्या देशाने बघितला. मी स्वतः मुलांसमोर पार्किंग लॉटपर्यंत शिव्या खाल्ल्यात. आता त्यात भर म्हणून तुमची प्रत्येक चूक सुनावणीला येणार, कोर्टात नाव येणार. कोण येईल शिट्टी घ्यायला? चांगली माणसं आधी जातील, जे उरतील ते अजून चुका करतील.

आणि डग्लसच्या मॅचमधल्या वादाची सुरुवात कुठून झाली ते सोयीस्कर विसरलं जातंय. कोच मैदानाच्या कडेला जिथे असायला नको तिथे पळत होता. पंचाला तो धडकला, पंच त्याला नाही.

उत्तरटेक्सास
कोच चुकला, त्याला दंड ठरलेला आहे, तोच लावा एवढंच तर म्हणतोय मी. आणि तक्रारीची पद्धत असली की पंचावरचा ताण कमी होतो असं मला वाटतं, कारण मग लोक त्याच्या गाडीपर्यंत जात नाहीत, अर्ज भरतात. मी बापांना पाहिलंय इथे, आवाज चढतो तो दुसरा काही मार्गच नसतो म्हणून.

कोलंबसचा_शनिवार
नाही हो, अजिबात नाही. जो ओरडतो तो अर्जही भरेल आणि ओरडेलही.

निवृत्त_पीटी_सर
मला आता खिलाडूवृत्तीवर बोलायचंय, मूळ विषय तोच आहे. १९८० ची वानखेडेवरची भारत-इंग्लंड जुबिली टेस्ट आठवा. बॉब टेलरला पंचांनी बाद दिलं, कॅप्टन विश्वनाथने त्याला परत बोलावलं कारण बॅट लागलीच नाही असं त्याला वाटलं. टेलर आणि बोथमची मोठी भागीदारी झाली आणि आपण हरलो. विश्वनाथचं नाव आजही त्यासाठी घेतात. पंचाची चूक खेळाडूने मैदानातच, त्याच क्षणी दुरुस्त केली, कुठल्या समितीची गरज लागली नाही. २०१९ च्या वर्ल्ड कप फायनलला ओव्हरथ्रोच्या सहा धावा दिल्या, पाच द्यायला हव्या होत्या, तीही नियमाचीच चूक, पंच धर्मसेनांनी नंतर मान्य केली. न्यूझीलंडने काय केलं? हात मिळवले आणि घरी गेले. सगळं जग त्यांच्यावर प्रेम करतं ते त्यासाठीच.

रंकाळा_वेस
सर, न्यूझीलंडचा केन विल्यमसन आणि त्याची टीम मोठी माणसं, पगारी, चार वर्षांनी परत वर्ल्ड कप. बारावीच्या पोराला पुढची मॅचच नाही. अमेरिकेत शाळेत फुटबॉल खेळणाऱ्यातले बहुतेक जण कॉलेजला खेळत नाहीत, ती त्यांच्या आयुष्यातली शेवटची मॅच असते. आणि दरवेळी हरलेल्यानंच मोठं मन का दाखवायचं? विश्वनाथ हरलेला नव्हता, ज्याचा फायदा होत होता त्यानं सोडून दिलं. उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय.

उत्तरटेक्सास
हेच म्हणणार होतो. इथे १९४० मध्ये कॉर्नेल कॉलेज डार्टमथविरुद्ध ७-३ ने जिंकलं, शेवटच्या क्षणी टचडाउन करून. नंतर फिल्म बघितली तर पंचांच्या हिशोबात गडबड होऊन कॉर्नेलला चारऐवजी पाचवा डाउन मिळालेला. पंचाने मान्य केलं. कॉर्नेलने तार पाठवून विजय परत केला, डार्टमथ ३-० ने विजयी, आजही तोच निकाल धरतात. पन्नास वर्षांनी १९९० मध्ये कोलोरॅडोला मिसूरीविरुद्ध तसाच पाचवा डाउन मिळाला, ३३-३१ ने जिंकले, त्यांनी परत केला नाही, आणि त्याच सीझनला नॅशनल टायटलमध्ये वाटा मिळाला. चूक तीच, फक्त जिंकणाऱ्याची मर्जी वेगळी. मला हे चालत नाही. लोकस्ट ग्रोव्हच्या पोरांवर मी हे ओझं टाकणारच नाही, की तुम्ही मोठे व्हा आणि सोडून द्या. त्यांनी काहीच चुकीचं केलेलं नाही. हे काम संघटनेतल्या पगारी मोठ्यांचं आहे.

कायद्याचं_बोला
मग नियम कसा लिहाल तो सांगा, नाहीतर ही चर्चा फिरत राहील.

उत्तरटेक्सास
फक्त नॉकआउट. फक्त नियम चुकीचा लावल्याची तक्रार. ती तिथेच, पुढचा डाउन सुरू व्हायच्या आत कोचने पंचाला सांगायची, म्हणजे नंतर घरी व्हिडिओ बघून कुणाला आठवायला नको. संघटनेचा नियम जाणणारा एक माणूस प्लेऑफच्या वेळी फोनवर बसलेला. त्याने दोन मिनिटांत सांगावं. नाही जमलं आणि चूक निकाल बदलणारी असेल तर ४८ तासांत त्या क्षणापासून पुढे खेळवायचं.

निवृत्त_पीटी_सर
फोनवर माणूस बसवा, याला माझा पूर्ण पाठिंबा, कारण ते मॅच चालू असताना होतंय. ४८ तासांवर नाही. ‘निकाल बदलणारी चूक’ कोण ठरवणार? टचडाउन धरला असता तरी लोकस्ट ग्रोव्हकडे एक मिनिट होतं, त्यांनी उलट गोल केलाच नसता असं तुम्ही छातीठोक सांगाल का?

रंकाळा_वेस
नाही सांगणार. म्हणून तर ते एक मिनिट खेळवा म्हणतोय.

जर्सीची_आई
आणि फोनवरच्या माणसाला समोर मॉनिटर पण द्या, म्हणजे मॅनस्क्वानसारखं असलं तरी त्याला सांगता येईल. फोनवर माणूस बसवायचाच आहे तर त्याचे डोळे का बांधायचे?