प्रतिसाद: अंतर जास्त, वेळ कमी

इथे एकाने विचारलंय की दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को नेटवर साधारण १२,४०० किमी दाखवतं, मग विमान त्या मानाने इतके जास्त तास का घेतं. अहो ते नेटवरचं अंतर म्हणजे सरळ ताणलेला दोरा, घरी पृथ्वीचा गोल असेल तर खरंच लावून बघा, दोरा पार उत्तर ध्रुवाजवळून जातो! विमान काही नेहमी तसं जात नाही. आधी एअर इंडिया अटलांटिकवरून जायची, साधारण १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी पॅसिफिकवरून उडवायला सुरुवात केली, १५,३०० किमी, म्हणजे चौदाशे किमी लांबचा पल्ला आणि तरी जवळजवळ दोन तास आधी पोचले कारण वर पश्चिमेकडून पूर्वेला जेट स्ट्रीमचा जोरदार वारा असतो तो पाठीमागून ढकलतो, उलट, म्हणजे अटलांटिकवरून पश्चिमेकडे जाताना तोच समोरून तोंडावर. म्हणून तासांचा हिशोब किमीवरून करूच नका.

आणि गंमत म्हणजे ते पहिलं विमान रविवारी पहाटे चारला निघालं, वाटेत डेट लाइन (पॅसिफिकमधली तारीख बदलणारी रेषा) ओलांडली तेव्हा शनिवार झाला, उतरलं तेव्हा परत रविवार सकाळ. आमच्या आईला हे अजून पटत नाही, म्हणते मग त्या दिवशीचा उपास कधी सोडायचा?