जपानी हातघडणीची क्यूसू आणि चावान मागवायचंय, काय बघून घ्यावं? सोलापुरात वापरता येईल का?

होटगीरोडकर:
नमस्कार मंडळी, एक सल्ला पाहिजे होता. मला जपानी ग्रीन टीचं वेड लागलंय, म्हणजे डिपवाला नाही, सेन्चाची सुटी पानं, आणि अधूनमधून माच्चा (ग्रीन टीची बारीक पूड) पण फेटतो. सध्या काचेच्या मगात आणि स्टीलच्या गाळणीवरच सगळं चाललंय. माझा ऑफिसमधला मित्र पुढच्या महिन्यात कामासाठी जपानला चाललाय, ओसाका आणि नागोया, आणि म्हणाला काय पाहिजे ते सांग, आणतो. मला बाजूला दांडी असलेली ती छोटी किटली, क्यूसू, आणि माच्चाचा एक वाडगा म्हणजे चावान घ्यायचाय. पण कारखान्यातला माल नको, आत्ता काम करत असलेल्या एखाद्या कारागिराने स्वतः घडवलेला पाहिजे.

ऑनलाइन बघायला गेलं तर डोकं चक्रावतं. सारखीच दिसणारी लाल किटली एकीकडे ४ हजार येन, दुसरीकडे ४० हजार येन, आणि चावान तर पार काही लाखांत. फोटोवरून काहीच कळेना. हा फरक नक्की कशाचा? दुकानात उभं राहून मित्राने काय तपासावं (त्याला यातलं ओ की ठो कळत नाही)? आपल्याकडच्या पाण्याला आणि उन्हाळ्याला ही भांडी टिकतील का? आणि अजून एक, आई म्हणतेय एवढे पैसे घालतोयस तर त्यात आपला रोजचा चहा पण झाला पाहिजे, तर दूध-साखरेचा चहा चालतो का? बजेट दोन्ही मिळून २५ हजार रुपयांपर्यंत.

नागोयातला_सोलापूरकर:
भाऊ, मित्र नागोयाला येतोय म्हणल्यावर अर्धं काम झालंच की. क्यूसूचं गाव म्हणजे तोकोनामे, इथून मेइतेत्सूच्या ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर, आणि नागोयाचं विमानतळच तोकोनामेच्या हद्दीत आहे, त्यामुळे परतीच्या दिवशी चार तास हाताशी ठेवले तरी भागतं. टेकडीवर जुन्या कुंभारवस्तीतून एक पायवाट काढलीय, कडेच्या भिंतीत मातीचे पाइप आणि दारूचे बुधले चिणलेत, आणि वाटेत १८८७ सालची उतारावरची लांबलचक भट्टी लागते, दहा धुरांडी असलेली, १९७४ पर्यंत चालू होती ती. मला तिथं कितीही वेळा गेलो तरी कंटाळा येत नाही. वाटेवरच छोटी दुकानं आहेत, कारागिरांची नावं लावून माल मांडलेला असतो, आणि हातात घेऊन बघू देतात.

आता किमतीचं. ४ हजारवाली बहुतेक साच्यात पातळ माती ओतून काढलेली असते. चहा त्यात पण चांगलाच होतो, उगाच नावं ठेवत नाही मी. पण हातघडणीच्या क्यूसूत अंग, झाकण, चोच आणि दांडी असे चार तुकडे चाकावर वेगवेगळे काढतात, अर्धवट सुकले की बरोबर त्या वेळेला जोडतात, थोडं जास्त सुकलं तर सांधा धरत नाही आणि ओलं राहिलं तर अंग दबतं. आतली गाळणी पण मातीचीच, चोचीच्या मुळाशी वाटीसारखी बसवलेली, आणि तिला एकेक भोक हाताने पाडलेलं. झाकण आणि तोंड भाजून झाल्यावर बारीक भुकटी लावून एकमेकांवर फिरवून घासतात, म्हणून त्या किटलीचं झाकण त्याच किटलीला बसतं, दुसऱ्या कुठल्याच नाही. बाकीचे पैसे या सगळ्या वेळेचे आहेत.

तोकोनामेची लाल माती म्हणजे शुदेई. लाल रंग मातीतल्या लोहाचा, वरून काही लावलेलं नसतं, आणि भट्टीत हवा कमी ठेवली की तीच माती काळपट होते. १८७८ मध्ये चीनमधून एका जाणकाराला बोलावून यिशिंगच्या किटल्यांची पद्धत इथल्या लोकांनी शिकून घेतली आणि पुढं चाकावर आणून आपली केली. यामादा जोझान तिसरे म्हणून होते, २००५ ला वारले, त्यांना १९९८ मध्ये तोकोनामेच्या क्यूसूसाठी सरकारने जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून मान दिला. एका चहाच्या किटलीसाठी एवढा मोठा मान, मला ही गोष्ट फार आवडते.

मित्राला एवढंच सांगा: दुकानदाराला विचारून किटलीत पाणी भरायचं, ओतायला लागायचं आणि झाकणावरच्या बारीक भोकावर बोट ठेवायचं. झाकण नीट घासलेलं असेल तर धार जागच्या जागी थांबते. बोट काढलं की परत चालू. मग किटली सरळ करताना शेवटचा थेंब चोचीखाली ओघळतो का ते बघायचं, चांगल्या चोचीतनं ओघळत नाही. पाणी भरू देत नसतील तर झाकण हलकं फिरवून बघा, खडखड करायला नको. आणि हो, दांडी चोचीशी साधारण काटकोनात असते आणि ती उजव्या हाताची असते, तुम्ही डावखुरे असाल तर उलटी मागा, मिळते.

आईंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र नाही असंच आहे. या किटलीला आतून काच चढवलेली नसते, दुधाचा स्निग्धपणा आणि मसाल्याचा वास एकदा मातीत धरला की सेन्चाची वाट लागली. गॅसवर तर कधीच ठेवायची नाही, तडकते.

चाकावरची_माती:
मी पुण्यात स्टुडिओ पॉटरी करते, माहेर सोलापूरचंच, त्यामुळे राहवलं नाही. किटलीचं दादांनी छान सांगितलंय, मी चावानबद्दल बोलते.

लाखांतले चावान बघितलेत ते बहुतेक राकू घराण्याचे किंवा तसल्याच मोठ्या नावांचे असणार. राकू म्हणजे क्योतोचं घराणं, सोळाव्या शतकात चहाचे गुरू सेन नो रिक्यू यांच्यासाठी चोजिरो नावाच्या कारागिराने हे वाडगे घडवले तिथपासून चालत आलेलं. चाक नाहीच, नुसत्या हाताने माती उभी करतात, मग सुरीने तासतात, आणि काळा राकू लालबुंद असतानाच चिमट्याने भट्टीतून बाहेर ओढतात. २०१९ मध्ये घराण्याच्या पंधराव्या प्रमुखांनी नाव मुलाकडे दिलं, आता सोळावे राकू किचिझाएमोन काम करतात. ते आपल्या बजेटच्या बाहेर, पण म्युझियममध्ये बघायला मिळाले तर मित्राला नक्की बघायला सांगा.

जपानी चहावाल्यांच्यात पहिला राकू, दुसरा हागी, तिसरा कारात्सु असा क्रम लावतात. हागी यामागुचीकडचा, मऊ सच्छिद्र मातीचा, वरच्या काचेला केसासारख्या भेगा असतात, त्यातून चहा मुरत जातो आणि वर्षानुवर्षांच्या वापराने रंग पालटतो. सुंदर असतो, पण मी तुम्हाला शिनो सुचवेन, कारण तो गिफूकडचा. तिथलं ताजिमी गाव नागोयाहून लोकल ट्रेनने जवळ आहे, मुद्दाम लांब जायला नको. शिनोवर जाड पांढरा थर असतो फेल्डस्पार या खनिजाचा, सायीसारखा, त्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, आणि कडेला जिथं थर पातळ होतो तिथं तांबूस झाक मारते. मला जगातल्या कुठल्याही ग्लेझपेक्षा (भांड्यावरच्या काचेसारख्या थरापेक्षा) हा जास्त आवडतो, स्पष्टच सांगते. शिनो सेतो या दुसऱ्या कुंभारगावात व्हायचा असंच सगळे धरून चालले होते, १९३० मध्ये कुंभार आराकावा तोयोझो यांना मिनोच्या, म्हणजे गिफूकडच्याच, डोंगरातल्या जुन्या भट्टीपाशी शिनोचा तुकडा सापडला तेव्हा कळलं की तो तिथला. मग त्यांनी ते ग्लेझ पुन्हा जमवायला आयुष्य घातलं. आजच्या काळात सुझुकी ओसामु यांनी तर गॅसच्या भट्टीत शिनो जमवला, त्यांना १९९४ मध्ये तोच राष्ट्रीय मान मिळाला. म्हणजे लाकडाची भट्टी नसेल तर खरा नाही, असं काही डोक्यात ठेवू नका. तरुण मंडळींचे वाडगे तुमच्या बजेटमध्ये बसतील.

घेताना वाडगा दोन्ही हातात धरून उलटा करायचा. तळाच्या कड्याला कोदाई म्हणतात, तिथं ग्लेझ नसतं, उघडी माती दिसते आणि तासणीचा हात दिसतो. कुंभाराचा स्वभाव मला तिथं कळतो, समोरच्या नक्षीत नाही. मग आत बघायचं, तळ गोलाईने उतरलेला पाहिजे, चासेन (माच्चा फेटायची बांबूची रवी) फिरवताना तिचे दात कुठं अडकायला नकोत, आणि तोंड साधारण १२ सेंटिमीटर तरी पाहिजे. कारागिराचा चावान लाकडी पेटीत येतो, झाकणावर शाईने त्याचं नाव आणि शिक्का असतो. तो शिक्का आणि वाडग्याच्या बुडाचा शिक्का जुळतो का बघा, आणि पेटीची फीत सुद्धा टाकून देऊ नका.

इथंच काही पाहिजे असेल तर पाँडिचेरीची गोल्डन ब्रिज पॉटरी लक्षात ठेवा. १९७१ ला रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी काढली, डेबोरा जपानमधल्या बिझेन या कुंभारगावी शिकून आल्या होत्या. तिथं शिकलेले कितीतरी जण आज भारतात लाकडाच्या भट्ट्या लावतायत.

कुंभारवेस:
होटगीरोडकर साहेब, आमच्या घरात पिढीजात हेच काम. संक्रांतीची सुगडं, उन्हाळ्यात माठ, दिवाळीला पणत्या. जपानी माल मी हाताळलाय, आमच्याकडे शिकायला आलेल्या एका पोरीने आणून दाखवला होता, आणि तो हातात घेतल्यावर झाकणाची बसणी बघून मी कितीतरी वेळ गप्प होतो, लई अवघड काम आहे ते.

उन्हाळ्याची काळजी करू नका. सोलापूरचं ४३-४४ डिग्री ऊन भट्टीतनं निघालेल्या भांड्याला काहीच नाही. आपला माठ कमी आचेवर भाजतो म्हणून पाणी झिरपतं आणि गार होतं, त्यांची लाल किटली हजार-अकराशे डिग्रीवर भाजते, शिनो-बिझेन बाराशेच्या वर, मग माती आवळून येते आणि वाजवली तर खणखणीत वाजते. त्रास होतो तो एकदम गार-गरमचा. थंडीत ओट्यावरच्या गार वाडग्यात उकळतं पाणी ओतू नका, आधी कोमट पाण्याने विसळून घ्या. उलट आपली कोरडी हवा चांगली, ताई म्हणतात तो हागी कोकणात पावसाळ्यात बुरशी धरेल, इथं दोन दिवसात ठणठणीत वाळतो.

खरी अडचण पाण्याची. बोअरच्या जड पाण्याने किटलीत पांढरा थर बसतो, मातीच्या गाळणीची भोकं बारीक होतात, आणि चहाला पण चव येत नाही. आरओचं पाणी घ्या. साबण लावू नका, गरम पाण्याने धुऊन झाकण काढून उलटी ठेवा.

आणि एक सांगू का, नावावर फार जाऊ नका. चांगला कुंभार पंचविशीतला पण असतो आणि त्याला अजून कोणी ओळखत नसतं. किटली भरलेली उचलायला लावा, मनगटावर ओढ आली तर ठेवून द्या, सही कुणाची का असेना. वाडगा थोडा वाकडा असला तर चालतो, किटली वाकडी चालत नाही.

होटगीरोडकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं मग, तोकोनामेची क्यूसू आणि शिनो चावान. कुंभारवेस दादा, एकदा तुमचं काम बघायला यायचं आहे, चालेल ना? नागोयावाले भाऊ, दोघांच्या चहाला किती मिलीची घेऊ, आणि विमानात फुटणार नाही ना?

कुंभारवेस:
या की, विचारायचं काय त्यात. रविवारी सकाळी या, चाक चालू असतं.

नागोयातला_सोलापूरकर:
दोघांना २५० मिलीच्या आसपास पुरते, मोठी घेतली की पानं पाण्यात हरवतात आणि सेन्चा पातळ लागतो. तुम्ही कुठला सेन्चा पिता ते बघा, जास्त वाफवलेला फुकामुशी असेल तर त्याचा चुरा फार, गाळणीची भोकं अगदी बारीक आणि भरपूर असलेली मागा, नाहीतर चोच तुंबते.

पॅकिंग दुकानवाले चांगलं करतात, तरी झाकण वेगळं गुंडाळायला सांगा, आणि चोचीत कागद कोंबू नका, चोचीच्या बाहेरून मऊ कापडाची गुंडाळी द्या. केबिन बॅगेतच, चेक-इनला अजिबात नाही. बिल जपून ठेवा, कस्टमला विचारलं तर दाखवायला. आणि आईंसाठी एक मग आणायला सांगा मित्राला, आतून-बाहेरून ग्लेझ केलेला, माशिको या कुंभारगावचा वगैरे, त्यात दूध-साखरेचा चहा बिनधास्त चालतो.

चाकावरची_माती:
मगाचं अगदी बरोबर. माशिको म्हणजे नामवंत कुंभार हामादा शोजी जिथं स्थायिक झाले ते गाव, रोजच्या वापराची भांडीच त्यांनी आयुष्यभर केली. नागोयाच्या मोठ्या दुकानात माशिकोचा माल मिळायला हरकत नाही. फक्त कान मोठा असलेला घ्या, आईला चार बोटं आत घालता आली पाहिजेत.