चुन्याचं काम येणारे गवंडी कुठे मिळतील? आणि त्यांच्या हाताखाली शिकणार कोण?

वाडा_वाईकडचा

नमस्कार मंडळी. वाईजवळच्या गावात आमचा जुना वाडा आहे, खाली काळ्या दगडाचं जोतं, वर लाकडी खांब-तुळया आणि मातीत बांधलेल्या विटांच्या भिंती, आतून बाहेरून चुन्याचा गिलावा. काकांच्या वेळी मागच्या भिंतीला एका कॉन्ट्रॅक्टरने सिमेंटचं प्लास्टर केलं, आता ते फुगलंय, वाजवलं की पोकळ आवाज येतो, आणि एक ढपला पडला तर आतली वीट नखाने खरवडली तरी भुगा होतेय. त्याच भिंतीचा जो भाग जुन्या चुन्यात राहिलाय तो मात्र ठणठणीत आहे.

शेजारच्या गावात एक आबा सापडले, सत्तरी पार केलेले, लहानपणापासून चुन्यात काम केलेले. ते आले, जुन्या गिलाव्याचा तुकडा हातात चुरला आणि मला दाखवलं, हे बघ, लाल कण दिसतायत ना, वीट कुटून घातलीय, आणि हे तागाचे धागे. वाळू किती घातली असेल तेही अंदाजाने सांगितलं. काम करायला तयार आहेत पण म्हणाले माझ्या हाताखाली कोणी नाही, परातीत माल कालवून देणारा माणूससुद्धा मलाच शोधावा लागेल, मुलगा कंपनीत लागलाय.

माझे प्रश्न दोन. एक म्हणजे हे काम करून घेताना काय बघायचं. आणि दुसरा, मला जास्त लागलेला, आबांच्या हातातलं हे काम त्यांच्याबरोबर जाऊ नये म्हणून एका घरमालकाला खरोखर काय करता येईल? व्हिडिओ काढून ठेवा असं सगळे सांगतात, पण तेवढ्याने भागेल असं वाटत नाही.

---

पुणे_आर्किटेक्ट

आधी भिंतीबद्दल सांगते. मातीची-विटांची जुनी भिंत जमिनीतून, पावसातून थोडं पाणी ओढतेच, आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते वाफ होऊन निघून जातं. सिमेंट ती वाट बंद करतं, पाणी आत अडकतं, त्यातले क्षार विटेतच साचून तिला फोडतात. त्यामुळे सिमेंट काढावंच लागेल, पण ब्रेकरने अजिबात नाही, छिन्नी-हातोडीने हळूहळू, आणि त्याआधी पन्हळीचं पाणी कुठे पडतंय, मागच्या अंगणाची पातळी जोत्याच्या वर आलीय का ते बघा. पाण्याचं कारण तसंच राहिलं तर उत्तम चुनासुद्धा टिकणार नाही.

चुना बाजारात पिशवीत पावडर मिळते ती घेऊ नका, बरेचदा जुनी झालेली असते, हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन अर्धी मेलेली. भट्टीची ताजी चुनकळी, म्हणजे भाजलेल्या पण अजून न भिजवलेल्या चुन्याचे खडे, आणा आणि घरीच भिजवा. हौदात आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी चुनकळी, उलटं कधीच करायचं नाही, ती उकळते आणि अंगावर उडते. गाळून पाण्याखाली ठेवायचा, निदान महिनाभर, जितका जुना होईल तितका लोण्यासारखा होतो. पूर्वी वाळू किंवा सुरखी, म्हणजे कुटलेली वीट, घालून घाणीत मळायचे, बैलाने फिरणारं दगडी चाक, गडांवर फिरताना अशा घाण्यांचे गोल चर तुम्ही सगळ्यांनी पाहिले असतील. गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा वगैरे घालायचे, पण त्याचं प्रमाण आबा सांगतील तेच धरा, नेटवरच्या रेसिपीवर जाऊ नका, कारण प्रत्येक ठिकाणचा चुना आणि वाळू वेगळी.

आणि एक कळकळीची विनंती, आबांना स्क्वेअर फुटावर काम देऊ नका, रोजावर द्या. फुटावर दिलं की घाई आली, आणि चुन्याला घाई चालत नाही, एक थर आवळून आला की मगच दुसरा.

---

गवंड्याचा_नातू

माझे आजोबा आणि वडील दोघेही चुन्याचं काम करायचे, मी करत नाही, मी सातारला बँकेत आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल आतलं लिहितो.

मुलं हे शिकत नाहीत कारण त्यांना आवड नाही असं शहरातली माणसं धरून चालतात. तसं नाहीये. वडिलांना वर्षातून एखादं देऊळ, एखादा वाडा मिळायचा, ते काम झालं की परत सिमेंटच्या साईटवर, तिथे पंचवीस वर्षं चुन्यात कसलेल्या माणसाला नवख्या सिमेंट गवंड्याइतकीच हजेरी. मोठ्या जीर्णोद्धाराच्या कामांचं टेंडर जातं सगळ्यात कमी दराला, घेणारा दुसऱ्याला देतो, तो तिसऱ्याला, आणि ज्याच्या हाताला खरं काम येतं तो सगळ्यात शेवटी उभा असतो. त्याचं नाव कुठल्या बोर्डावर नसतं, साधं सर्टिफिकेट नसतं. असं बघत मोठा झालेला पोरगा कंपनीत जाणार नाही तर काय करणार.

सरकारची पीएम विश्वकर्मा योजना २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झाली, त्यातल्या १८ व्यवसायांत सुतार, राजमिस्त्री, पाथरवट आहेत, ट्रेनिंगच्या दिवसांत रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंत मदत, शिवाय कमी व्याजाचं कर्ज. आबांच्या ओळखीतलं कोणी बसत असेल तर जरूर फॉर्म भरा. पण बेसिक ट्रेनिंग ५ ते ७ दिवसांचं आहे आणि तेवढ्यात चुना हाताला कळत नाही. वडील थापीवर माल घेऊन थापी उलटी करायचे, चिकटून राहिला की झालं, पण पावसाळी हवेत तोच माल वेगळा वागतो, उन्हाळ्यात वेगळा, आणि हा फरक कळायला त्यांच्या शेजारी दोन-चार सीझन उभं राहावंच लागतं.

तेव्हा माझं उत्तर सरळ आहे. आबांच्या रोजाबरोबर दोन तरुण पोरांचा पूर्ण रोज तुम्ही द्या, हेल्पर म्हणून नाही तर शिकाऊ म्हणून, आणि आबांना शिकवण्याचे वेगळे पैसे द्या. व्हिडिओ काढा पण तो त्या पोरांसाठी काढा.

---

लातूर_औसा

सगळ्यांचं वाचलं, पटलं, पण आमच्याकडचीही बाजू मांडतो कारण ती या चर्चेत नेहमी राहून जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमच्या भागातली दगड-मातीची घरं कोसळली, हजारो माणसं त्याखाली गेली. त्यानंतर दगडी भिंत म्हटलं की मराठवाड्यातला माणूस आत झोपायलाही घाबरायचा, आणि ते चूक कसं म्हणणार. गावंच्या गावं नव्याने बांधली गेली आणि दगड बसवणारे, माळवद म्हणजे मातीचं सपाट छत घालणारे एका फटक्यात बिनकामाचे झाले.

पण ती घरं का पडली हे नीट सांगायला पाहिजे. भिंत जाड असायची पण आतून बाहेरून दगडांचे दोन वेगळे पापुद्रे आणि मधे माती-खडी, दोन्ही पापुद्र्यांना आरपार धरणारे लांब दगड बऱ्याच ठिकाणी नव्हतेच, आणि माथ्यावर वर्षानुवर्षं माती टाकून टाकून जड झालेलं धाबं. हादरा बसला की पापुद्रे सुटले आणि छत खाली. म्हणजे कौशल्य आधीच पातळ झालं होतं. चांगला पाथरवट आरपार दगड घालायचाच, कोपरा नीट अडकवायचा.

त्यामुळे जुनं ते सगळं सोनं असं करू नका. तुमच्या वाड्यात लाकडी सांगाडा आहे, ती मोठी जमेची बाजू आहे, पण तुळईची टोकं जिथे भिंतीत गेलीयत तिथे वाळवी बघा, सांधे बघा, आणि इंजिनियरला दाखवल्याशिवाय नुसता गिलावा करून बसू नका. भुजच्या हुन्नरशाळेने २००१ च्या भूकंपानंतर तिथल्या कारागिरांना हाताशी धरून माती-दगडाचंच सुरक्षित बांधकाम पुढे नेलं, कारागीरशाळा काढून पोरांना शिकवलं. कारागीर आणि इंजिनियर एका साईटवर उभे राहिले तर होतं हे काम.

---

नागोया_मराठी

मी सध्या जपानमध्ये आहे म्हणून इथलं एक सांगतो. इसे नावाचं फार मोठं देवस्थान आहे, तिथली मुख्य देवळं दर २० वर्षांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर पहिल्यापासून नव्याने बांधतात, शेवटचं २०१३ ला झालं आणि पुढचं २०३३ ला. तरुण सुतार पहिल्या खेपेला शिकतो, दुसऱ्या खेपेला स्वतः करतो, तिसऱ्या खेपेपर्यंत टिकला तर शिकवतो. मधल्या काळात इतर देवळांची कामं असतात. लाकडी बांधकामाची ही सगळी कौशल्यं २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, पण यादीत जायच्या कितीतरी आधीपासून काम ठरलेलं होतं आणि माणूसही ठरलेला होता.

आपल्याकडे २०२५ च्या जुलैत रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर धरून १२ किल्ले जागतिक वारशात आले, ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतली जिंजी. सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीही ठेवला, ऊर भरून आला. आता या तटबंद्यांची देखभाल पिढ्यान् पिढ्या करावी लागणार आहे आणि ती चुन्यातच करावी लागणार आहे. मग प्रत्येक गडाच्या पायथ्याच्या गावात पाच-दहा माणसं कायमची, पगारी, याच कामाला का नसावीत? पावसाळा संपला की दरवर्षी गडावर जायचं, झाडं उपटायची, सांधे भरायचे. टेंडर निघायची वाट कशाला बघायची. हे मागायला पाहिजे आपण सगळ्यांनी, आमदारांकडे, पुरातत्त्व खात्याकडे, लेखी.

---

वाडा_वाईकडचा

खूप आभार सगळ्यांचे, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. लातूरकर दादा, इंजिनियरला बोलावलंय, तुळयांची टोकं उघडून बघणार आहोत, ती बघितल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही असं ठरलंय.

गवंड्याचा नातू, तुमची पोस्ट आबांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले दोन नको, तीन पोरं आण, एक तरी पळून जाईल. रोजाचं आणि शिकवण्याच्या पैशाचं त्यांच्याशी बोलणं झालं. गावातली दोन पोरं तयार आहेत, एक आयटीआय झालेला आहे, तिसरा शोधतोय. भावकीतल्या आणखी दोन घरांनाही पुढच्या वर्षी गिलावा करायचाय, त्यांना म्हटलं माझ्यानंतर लगेच तुमचं धरू, म्हणजे पोरांना सलग काम राहील, ते हो म्हणालेत.

दिवाळी झाली की हौद बांधून चुनकळी भिजत घालायची, जानेवारीत गिलावा सुरू. जवळपासच्या कोणाला शिकायला यायचं असेल तर मेसेज करा, राहायची-जेवायची सोय वाड्यावर होईल. फक्त डोळ्याला चष्मा, हातात रबरी मोजे आणि पायात गमबूट घालूनच या, आबा स्वतः वापरत नाहीत पण पोरांना त्याशिवाय हौदाजवळ उभं करणार नाही असं मी त्यांना सांगून ठेवलंय. आणि ताई, वाळू नदीची घेऊ का, की दगड फोडून केलेली क्रश सँड चालेल?

---

पुणे_आर्किटेक्ट

क्रश सँडमध्ये बारीक भुकटी जास्त असते, तडे जातील. मिळाली तर कायदेशीर परवान्याची नदीची घ्या, धुऊन चाळून, नाहीतर क्रश सँड भुकटी निघेपर्यंत धुवा. दोन्हींचे हातभर लांबरुंद नमुने मागच्या भिंतीवरच लावून महिनाभर ठेवा आणि निवड आबांना करू द्या. मी जानेवारीत येते, कॉलेजमधले चार विद्यार्थी घेऊन.